अकराव्या माचापलीकडे

दर जुलैला लॉरेलची गाडी पेनसिल्व्हेनियातून यायची ती टपावर निळी होडी, मागे दोन सायकली आणि खिडकीला चिकटलेलं तिच्या लेकाचं, ऑगीचं, नाक घेऊन. यंदाही तशीच आली. आठवडा ठरलेला असायचा. चार दिवस समुद्र, एक दिवस जुना किल्ला नाहीतर मनोरा, एक दिवस फेरीबोटीनं पलीकडे जाऊन यायचं, आणि रोज संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर व्हिनेगर मारलेले बटाट्याचे काप. डेलावेअर एवढंसं राज्य. लॉरेलचा नवरा क्रेग म्हणायचा, इथं शिंकलं की शेजारच्या राज्यातले लोक 'देव भलं करो' म्हणतात. हा विनोद तो दरवर्षी करायचा आणि दरवर्षी एकटाच हसायचा.

मार्नी ही लॉरेलची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची, हॉलिस बीचवर जीवरक्षक. शाळा तिनं सतराव्या वर्षी सोडली, तीही गणिताच्या मास्तरांच्या टेबलावर पुस्तक आपटून. पण नजर अशी की लाटेवर तरंगतंय ते डोकं आहे की बादली, हे ती बाकीच्यांच्या आधी सांगायची. म्हणून तर तिला शेवटचा माच, म्हणजे पहाऱ्याची उंच लाकडी बैठक, दिला होता, अकरा नंबरचा. त्याच्यापुढे किनारा संपायचा नाही, माणसं संपायची.

"ऑगीला माझ्या माचाखाली बसू दे ना," सोमवारी सकाळी ती लॉरेलला म्हणाली. "सावली आहे. मी आहे."

"तुझ्याकडे सोडू? तुझं डोकं कधी फिरेल नेम नाही."

"पाण्याकडे बघताना फिरत नाही माझं डोकं."

"आणि एरवी?"

"एरवी तू समोर असतेस ना, मग फिरतं."

लॉरेल हसली नाही. ऑगीच्या पाठीला उन्हाचं मलम चोळताना तिचा हात थांबला. "सहा वर्षांचा आहे तो, मार्नी. गेल्या वर्षी तू त्याला सायकलवरून पाडलंस. यंदा त्याला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही. खरंच सांगते."

"नको बघूस. पण काही होणार नाही."

मार्नीला हे हवं होतं. अख्ख्या घरात तिच्यावर कुणी कसला भरवसा टाकला नव्हता, साधं मांजर सांभाळायलासुद्धा नाही. आता हे पोर तिच्या माचाखाली बसणार होतं, निळ्या चड्डीत, हातात पिवळं फावडं घेऊन.

हॉलिसच्या किनाऱ्यावर मूल हरवणं ही रोजची गोष्ट. छत्र्या सगळ्या सारख्या, पोरं सगळी सारखी. म्हणून जीवरक्षकांची जुनी पद्धत होती. प्रत्येक माचावर दोन लाल निशाणं. ज्याच्याकडे रडत आई येईल त्यानं उभं राहायचं आणि निशाणांनी हाक उठवायची: हरवलंय, मुलगा की मुलगी, वय, कपडे, खूण. शेजारच्या माचानं ती हाक जशीच्या तशी परत करायची. परत केली तरच ती पोचली असं धरायचं. मग पुढच्या माचाकडे. असं करत अकरा माच दोन मिनिटांत जागे व्हायचे. मूल ज्याला दिसेल त्यानं 'सापडलं' दाखवायचं आणि ज्यानं हाक उठवली तो येईपर्यंत मुलाला जागेवरून हलू द्यायचं नाही. तो आला, मूल घेतलं, की शेवटचं निशाण: 'मिटलं.' आणि मग वाळूवरचे सगळे लोक, ज्यांचा काही संबंध नाही तेसुद्धा, टाळ्या वाजवायचे.

कॅप्टन वेपल्स पन्नाशीचा, शिट्टीसारख्या आवाजाचा माणूस. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो सगळ्यांना बजावायचा, "निशाण आधी, प्रश्न नंतर. कोण, का, कशाला, हे विचारत बसलात तर पोर पाण्यात जाईल. दिसलं ते परत करा, पुढे पाठवा."

सोमवारी दुपारी चार नंबरवरून एक हाक आली. मुलगी, चार वर्षं, पिवळा पोहण्याचा पोशाख. दहा नंबरचा टेरेन्स निशाणं फिरवत होता. मार्नीनं ती परत केली. ती शेवटची, तिला पुढे पाठवायचं नव्हतं. पाचच मिनिटांत मुलगी आइस्क्रीमच्या रांगेत सापडली. टाळ्या झाल्या. ऑगीनंही खाली बसून वाजवल्या.

मार्नी निशाणं गुंडाळत होती, तेव्हा तिला उजवीकडे काहीतरी लाल हललेलं दिसलं.

उजवीकडे काहीच नव्हतं. तिच्या माचापासून वीस पावलांवर दोर बांधला होता आणि दोरापलीकडे सरकारी राखीव किनारा. टिटवीच्या जातीचे चिमुकले पक्षी तिथं वाळूत अंडी घालायचे, म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत माणसाला बंदी. तिथल्या एका वाळूच्या टेकडीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला काँक्रीटचा मनोरा. असे मनोरे या किनाऱ्यावर बरेच आहेत, धुरांड्यासारखे उभे, वरच्या बाजूला समुद्राकडे बघायच्या आडव्या फटी. इथल्या माणसाला ते दिसतसुद्धा नाहीत, इतके सवयीचे.

पतंगाची शेपटी अडकली असेल, मार्नी मनाशी म्हणाली. आणि पाण्याकडे बघायला लागली.

मंगळवारी तिची सुट्टी होती, म्हणून सगळे उत्तरेकडचा दुरुस्त केलेला मनोरा बघायला गेले. आत गोल लोखंडी जिना, वर थंड सिमेंटचा वास. माहिती सांगणारा म्हातारा टोपी मागे सारून क्रेगला सांगत होता, "इथं एकोणीस-वीस वर्षांची पोरं बसायची, साहेब. दुर्बिणीतून जहाज धरायचं, कोन सांगायचा. पण एकट्या मनोऱ्याच्या बोलण्यावर तोफ चालायची नाही. दुसऱ्या मनोऱ्यानंही तेच सांगितलं पाहिजे. एकानं पाहिलं तर तो भास, दोघांनी पाहिलं की जहाज."

"आणि दुसरा चुकून 'हो' म्हणाला तर?" क्रेगनं विचारलं.

"मग तिथं जहाज असलं काय, नसलं काय," म्हातारा हसला.

ऑगी दुर्बिणीच्या स्टुलावर चढला होता. फटीतून दक्षिणेकडे बघता बघता त्यानं हात वर केला आणि हलवला.

"कुणाला रे?" मार्नीनं विचारलं.

"त्या तिकडच्या मनोऱ्यातल्या माणसाला. तोच आधी करतोय."

मार्नीनं दुर्बिणीला डोळा लावला. मैलभर पांढरी वाळू, तिच्यावर थरथरणारी उन्हाची वाफ, आणि आपल्या माचापलीकडचा तो मनोरा. फटी काळ्या होत्या. हात करणारं कुणी नव्हतं. ती खूप वेळ बघत राहिली, लॉरेलनं "चला गं, भूक लागली" म्हणेपर्यंत.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं टेरेन्सला विचारलं.

"त्या मनोऱ्यात कुणी जातं का रे?"

"जाणार कसं? दार विटांनी बंद केलंय. जिना तर माझ्या बापाच्या लहानपणीच भंगारात गेला." टेरेन्सनं नळीतून सोडा ओढला. "आत उभं राहायचं तर पाखरूच व्हायला पाहिजे. का? कुणी डोळा मारला की काय तुला?"

"तोंड सांभाळ."

"बघा, लगेच तापली. म्हणूनच तुला शेवटी टाकलंय, माणसांपासून लांब."

तिनं त्याच्यावर बर्फ फेकला. पण त्या दुपारी ती पाण्याकडे बघत होती त्यापेक्षा जास्त वेळा उजवीकडे बघत होती.

गुरुवारी वारा पडला. समुद्र तेलासारखा सपाट झाला, लाट यायची तीही आवाज न करता, वाळूवर नुसती पसरायची. शेवाळाचा आणि मेलेल्या खेकड्यांचा वास जागचा हलत नव्हता. लॉरेल आणि क्रेगची हिरवी छत्री शंभर पावलांवर होती. छत्रीखाली क्रेगचे पाय दिसत होते, तो झोपला होता. ऑगी माचाच्या सावलीत खड्डा खणत होता.

दोन वाजून गेले असतील. मनोऱ्याच्या वरच्या फटीतून दोन लाल निशाणं बाहेर आली.

पतंग नव्हता. हात होते. कोपरापर्यंत दिसत होते, करड्या बाहीतले. निशाणं आधी ताठ बाजूला धरली, बघतेयस ना, असं विचारायची रीत असते तशी. मार्नी नकळत उभी राहिली. बघतेय, असं तिनं दाखवलं. हाताला सवयच ती.

मग हाक आली. सावकाश, जुन्या पद्धतीची, प्रत्येक खुणेवर थांबत.

हरवलंय. मुलगा. सहा वर्षं. निळी चड्डी. वरचा एक दात नाही.

मार्नीनं खाली पाहिलं. ऑगी मान वर करून तिच्याकडेच बघत होता, तोंड उघडं, पुढच्या दाताची खिंड दिसत होती.

तिचं डोकं सटकलं. ही टेरेन्सची टोळी. कुणीतरी शिडी लावून वर चढलं असणार, आणि आता दहा नंबरवर सगळे पोट धरून हसत असणार. काल बर्फ फेकला त्याचा बदला. ठीक आहे. थट्टा करायचीय ना, करू.

तिनं निशाणं उचलली आणि हाक जशीच्या तशी परत केली, झटके देत. शेवटी वर जोडलं: सापडलं. अकरा नंबर.

फटीतली निशाणं एक क्षण तशीच राहिली. मग एकदाच हलली.

येते.

आणि आत गेली.

"कुणाला सांगितलंस, मावशी?" ऑगीनं विचारलं.

"एका गाढवाला."

ती हसत दहा नंबरकडे वळली. टेरेन्स हसत नव्हता. तो उभा होता, तिच्याकडे पाठ करून, निशाणं फिरवत होता. तीच हाक. हरवलंय, मुलगा, सहा वर्षं. त्याच्यापुढे नऊ नंबर. त्याच्यापुढे आठ. लाल ठिपके एकामागून एक किनाऱ्यावर उघडत गेले, थेट वरपर्यंत, आणि छत्र्यांखालचे लोक उठून उभे राहायला लागले. बायका डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघत होत्या. कुणीतरी "निळी चड्डी! निळी चड्डी!" असं ओरडत गेलं.

माचावरचा फोन वाजला.

"कुणाची हाक आहे, मार्नी?" वेपल्स.

"कुणाची नाही, कॅप्टन. थट्टा आहे. मनोऱ्यातून कुणीतरी—"

"कुठल्या मनोऱ्यातून?"

"टेरेन्सला विचारा ना! त्याचेच मित्र असणार."

"टेरेन्स म्हणतो, त्यानं तुलाच हाक देताना पाहिलं. त्याच्या माचावरून मनोऱ्याची ती बाजू दिसत नाही. मूल आहे तुझ्याकडे?"

"आहे. माझा भाचा आहे तो! हरवलेला नाहीये. इथंच आहे."

"मग सापडलं म्हणून का दाखवलंस?"

तिनं खाली वाकून ऑगी तिथंच आहे ना ते पाहिलं.

"मुलाला हलवू नकोस," वेपल्स म्हणाला. "हाक उघडी आहे. ज्यानं उठवली तो येईपर्यंत उघडीच राहणार. मी निघालोय." फोन बंद झाला.

मार्नी माचावरून उतरली. "चल, ऑगी. आईकडे जाऊ."

"पण खड्डा झाला नाही."

"चल म्हणते ना!"

आवाज जरा जास्तच चढला. ऑगी तिच्याकडे बघून मागे सरकला, मांडीवरचं फावडं खाली पडलं. तिनं त्याचं मनगट धरलं. तेव्हा तिला जाणवलं की मघापासून काहीतरी नाहीये. पक्षी. दोरापलीकडे कुत्रं जरी फिरकलं तरी ते चिमुकले पक्षी किंचाळत डोक्यावर घिरट्या घालायचे. आज राखीव वाळूवरून एक बाई चालत येत होती, घरट्यांच्या अगदी मधून, आणि एकही पक्षी उठला नव्हता.

साधी बाई होती. गवती हॅट, करड्या बाह्यांचा लांब झगा, हातात चपला. तिशीची असेल. झग्याची खालची कड ओली. दमलेली दिसत होती, दिवसभर पोराच्या मागे धावलेली बाई दिसते तशी. दोर तिनं वाकून ओलांडला, आणि मार्नीकडे बघून हसली.

"देवासारखी धावलीस गं. किती शोधलं मी याला."

"मागे व्हा," मार्नी म्हणाली. "हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे."

बाई भांडली नाही. तिनं मान तिरकी केली, कळत नसल्यासारखी.

"असं? मग तू 'सापडलं' असं कसं म्हणालीस? जो हरवत नाही, तो सापडतो कसा?"

"चुकून म्हणाले. थट्टा वाटली मला."

"दोघींनी पाहिलं ना पण," बाई म्हणाली, समजूत घातल्यासारखी. "मी पाहिलं. तूही पाहिलंस."

मार्नीनं तीन शिट्ट्या मारल्या. मदत हवीय. टेरेन्स माचावरून उडी टाकून धावत सुटला.

"ऑगस्ट," बाई म्हणाली. ऑगीचं पूर्ण नाव. घरातसुद्धा त्याला कुणी त्या नावानं हाक मारत नव्हतं. "किती वाळू ही. चल, पाय धुवू."

ऑगी उठला. चड्डीवरची वाळू झटकली. आणि दिवस संपला की पोरं कंटाळून देतात तसा मोकळा हात त्यानं तिच्या हातात दिला.

"ऑगी! नाही!"

"मावशी, सोड ना," तो म्हणाला. जराही घाबरला नव्हता. "आई थांबलीये."

"ती आई नाहीये तुझी! बघ तिकडे, आई तिकडे आहे!"

त्यानं तिकडे पाहिलं. हिरव्या छत्रीकडे. लोक अनोळखी छत्रीकडे बघतात तसं.

टेरेन्स पोचला, धापा टाकत. त्यानं मार्नीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, बाईच्या हातातल्या पोराकडे पाहिलं. त्याचा चेहरा सैल झाला.

"हुश्श! आली का आई? बरं झालं, बाई. अहो, जीव गेला असता तुमचा."

"टेरेन्स, हा ऑगी आहे! सोमवारपासून बघतोयस तू याला!"

"मी?" टेरेन्स म्हणाला.

मग तो वळला. कमरेची निशाणं काढली.

"नको! टेरेन्स, मिटवू नकोस!"

पण निशाण आधी, प्रश्न नंतर. त्यानं हात वर केले.

मिटलं.

नऊ नंबरनं परत केलं. आठ नंबरनं. लाल ठिपके एकेक करून खाली गेले.

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी जवळच्या छत्र्यांमधून, मग पुढे, मग अख्ख्या किनाऱ्यावर. म्हातारे उभे राहून वाजवत होते. लहान पोरं वाजवत होती. एक जण शिट्टीही मारत होता.

ऑगीचं मनगट मलमानं निसरडं होतं. तिच्या मुठीतून ते ओढून घेतलं गेलं नाही. नुसतं निघालं.

दोघं दोराखालून पलीकडे गेली. बाई वाकली, ऑगीला वाकावंही लागलं नाही. मार्नी धावली, पण टेरेन्सनं तिला कमरेतून धरलं. "वेडी झालीस का? तिकडे बंदी आहे! काय झालंय तुला?" तिनं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. त्यानं सोडलं तोवर वाळूवर उन्हाची वाफ थरथरत होती, आणि वाफेत काही दिसत नव्हतं. पक्षी घरट्यांवर स्वस्थ बसले होते.

आई. त्याची आई हाक मारेल तर येईल तो.

ती उलटी धावली. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांमधून, कुणाच्या डब्यावरून, कुणाच्या वाळूच्या किल्ल्यावरून. हिरव्या छत्रीशी जाऊन गुडघ्यांवर पडली.

"लॉरेल! ऊठ! ऑगीला हाक मार!"

लॉरेल पुस्तक मिटून बघायला लागली. "काय गं? लाल झालीयेस नुसती. पाणी पी आधी. कसला गोंधळ होता मघाशी, मूल हरवलं होतं का कुणाचं?"

"लॉरेल—"

"सापडलं ना? टाळ्या ऐकल्या मी." तिनं छातीवर हात ठेवला. "बिचारी आई. कसं होत असेल गं तिला तेवढ्या वेळात. मी तर मेलेच असते."

मार्नीनं छत्रीखाली पाहिलं. दोन खुर्च्या. दोन टॉवेल. क्रेगचे पाय.

"ऑगी," ती म्हणाली.

"कोण ऑगी? नवा कुणी पटवलास का?" लॉरेल हसली आणि थंड पेटीचं झाकण उघडलं. "बस. उपाशीपोटी उन्हात उभी राहतेस, मग अशीच चक्कर येते. सँडविच खा."

तिनं बर्फातून एक पुडी काढली आणि कागद सोडवला. आत सँडविच होतं, त्रिकोणी कापलेलं. पावाच्या चारही कडा काढलेल्या, अगदी निगुतीनं, एक तांबडी रेघसुद्धा राहू न देता.

लॉरेल त्याच्याकडे बघत राहिली.

"क्रेग," तिनं विचारलं, "तू कडा खात नाहीस का हल्ली?"

"खातो की," क्रेग हॅटखालून म्हणाला. "मला आवडतात."

"मला पण."

तिनं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं ते सँडविच मार्नीपुढे धरलं.

"घे तूच. कुणासाठी कापल्या कोण जाणे."

मार्नीनं हात पुढे केला. पण लॉरेलची बोटं ते सोडत नव्हती.